डांसाच्या पोटांतील रहिवासी

गेल्या पावसाळ्यांत आरोग्यशास्त्राच्या तासाला हिंवतापाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें मध्येंच उठून विचारलें, "गुरुजी, तापकऱ्याचें रक्त डांस पितो, मग त्याला स्वतःला थंडी भरून ताप कां येत नाहीं?" वर्गांत एकच हंशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि पाठ्यपुस्तकांत त्याचें उत्तर नव्हतें. "उद्यां सांगतों" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पण त्या उद्यांचे बघतां बघतां चार महिने झाले. तें कर्ज या अंकांत फेडावें असें योजिलें आहे.

उत्तराचा अर्धा भाग सोपा आहे. हिंवताप उत्पन्न करणारा परोपजीवी जीव आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींत शिरून वाढतो, आणि त्या पेशी ठराविक वेळीं फुटल्या म्हणजे आपणांस हुडहुडी भरून ताप चढतो. डांसाच्या अंगांत तशा तांबड्या पेशीच नाहींत. म्हणून त्याला आपल्यासारखा ताप येण्याचें कारण नाहीं. उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा कीं, डांसानें प्यालेल्या परोपजीवींपैकीं बहुतेक त्याच्या पोटांतच मरून जातात. त्यांना मारतें कोण, हें मात्र एका वाक्यांत सांगण्यासारखें नाहीं. त्यासाठीं आपणांस डांसाच्या पोटांत उतरलें पाहिजे.

तेथें प्रथम उतरून पाहण्याचा मान सर रोनाल्ड रॉस यांचा. ते त्या वेळीं लष्करी डॉक्टर होते व त्यांचा मुक्काम सिकंदराबादेस होता. १८९७ सालच्या आगस्टच्या १६ तारखेस त्यांनीं हुसेन खान नांवाच्या एका तापकऱ्यास डांस चावविले. दर डांसागणिक त्यास एक आणा दिला. २० तारखेस त्यांतील एक डांस सुईनें फाडून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तेव्हां त्याच्या पोटाच्या भिंतींत काळसर कणांनीं युक्त अशा गोल पेशी त्यांस दिसल्या. हिंवतापाचा परोपजीवी डांसाच्या अंगांत वाढतो याचा तो पहिला पुरावा होय. पुढें १९०२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रॉससाहेबांनीं भिंत पाहिली. भिंतीच्या आंत, पोटाच्या पोकळींत, दुसरें कोण राहतें याचा विचार करण्यास मात्र पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

आतां परोपजीवीचा प्रवास पाहूं. रक्त पिते ती डांसाची मादी. नर बिचारा फुलांतील मधावर निर्वाह करतो. मादीच्या एका घोटाबरोबर या जीवाचीं नर व मादी जातीचीं शेंकडों बीजें, कधीं कधीं हजारोंहि, तिच्या पोटांत येतात. मनुष्याच्या अंगाची ऊब सुटून गारवा लागतांच तीं जागीं होतात, त्यांचा संयोग होतो, आणि सुमारें एका दिवसांत त्यांपासून लांबट, सरपटत जाणारे जीव तयार होतात. हे जीव पोटाची भिंत भेदून तिच्या बाहेरील अंगास चिकटतात व तेथें पुटी बांधतात. दहा ते चौदा दिवसांनीं पुटी फुटली म्हणजे तींतून सुतासारखे बारीक असे हजारों जीव निघून लाळेच्या पिंडांत जाऊन बसतात, आणि पुढच्या चाव्याबरोबर दुसऱ्या मनुष्याच्या अंगांत शिरतात.

या सर्व प्रवासांत एकच ठिकाण असें आहे कीं जेथें शत्रूची संख्या अगदीं थोडी होते. घोटाबरोबर शेंकडों आले. पण मोकळ्या रानावस्तींतील डांसांत पलीकडे पुटी बांधणारे पाहूं गेल्यास ते बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. पोटाची भिंत ही जणूं घोडखिंड होय, आणि तो पहिला दिवस म्हणजे खिंड लढविण्याचा दिवस. खिंडींतून एक जरी निसटला तरी पुढें त्याचे हजारों होतात. म्हणून या एका दिवसांत पोटांत काय घडतें याला एवढें महत्त्व आहे.

खिंडींत उभे असणारे कोण, हें समजण्यास डांसाचें बाळपण ठाऊक असावें लागतें. साचलेल्या पाण्यांत वळवळणाऱ्या डांसाच्या अळ्या आपण सर्वांनीं पाहिल्या असतील. अळीच्या तोंडाशीं केंसांचे दोन कुंचे असतात. त्यांनीं ती पाणी एकसारखें झाडीत असते, व त्या झाडण्यांत जें जें सांपडतें तें तें खाते. त्यांत शेवाळाचे कण असतात, कुजक्या पानांचा चुरा असतो, आणि सर्वांत अधिक म्हणजे सूक्ष्मजंतू असतात. हे जंतू तिला केवळ अन्न म्हणून लागतात असें नव्हे. २०१४ सालीं अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठांत अंड्यांवरील सर्व जंतू नाहींसे करून अळ्या निर्जंतुक पाण्यांत वाढविण्याचा प्रयत्न झाला. नेहमींचें खाणें पुढें असूनहि त्या अळ्या पहिली कात टाकण्याच्या आंतच खुंटून मेल्या. जंतू परत दिले तेव्हां वाढूं लागल्या.

पुढें अळीचा कोश होतो. कोश कांहीं खात नाहीं. त्यांतून पंख असलेला डांस निघतो त्या वेळीं जुन्या आंतड्याचें अस्तर गळून जातें, आणि त्याबरोबर अळीपणींचे बहुतेक जंतूहि जातात. जणूं बिऱ्हाड बदलतांना मागील भाडेकरू बाहेर काढावे, तसेंच हें. पण नवें घर फार वेळ रिकामें राहत नाहीं. ज्या पाण्यावर तो नवा डांस उभा असतो त्या पाण्याचा घोट तो घेतो. पुढें फुलांतील मध चाखतो. आणि अशा रीतीनें पोटांत नवी वस्ती होते. म्हणजे डांसाच्या पोटांतील रहिवासी कोण असावेत हें त्याच्या आईबापांपेक्षां त्याच्या डबक्यावर व त्याच्या फुलांवर अधिक अवलंबून असतें. एकाच गांवांत पाटलाच्या वाड्यामागच्या हौदांतला डांस आणि ओढ्याकांठच्या खुराच्या खळग्यांतला डांस यांचीं पोटें एकसारखीं नसावयाचीं.

आतां मुख्य गोष्ट. रक्त पोटांत पडतांच या जंतूंना मेजवानी मिळते, व एका दिवसांत ते शेंकडों पटींनीं वाढतात. हा दिवस कोणता, हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. परोपजीवी ज्या दिवशीं खिंड ओलांडूं पाहत असतो, तोच हा दिवस! त्याला भिंतीकडे जावयाचें असतें तें या गर्दींतून.

गर्दी त्याला खरोखरच नडते काय, हें पाहण्याची युक्ति साधी आहे. डांसांच्या साखरपाण्यांत प्रतिजैविक औषधें घालावीं, म्हणजे पोटांतील जंतू मरतात. मग त्यांना हिंवतापाच्या परोपजीवींनीं युक्त असें रक्त पाजावें. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं असा प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध केला. जंतू नाहींसे केलेल्या डांसांत परोपजीवी अधिक प्रमाणांत रुजले. याचीं कारणें निदान दोन आहेत. जंतू वाढूं लागले म्हणजे डांसाचें शरीर त्यांच्यावर स्वतःचें संरक्षक द्रव्य सोडतें, व त्या माऱ्यांत परोपजीवीहि सांपडतो. दुसरें असें कीं, कांहीं जंतू स्वतःच परोपजीवीस मारक असें द्रव्य बाहेर टाकतात.

या दुसऱ्या कारणाचें उत्तम उदाहरण आफ्रिकेंतील झांबिया देशांत मिळालें. तेथील मोकळ्या डांसांच्या पोटांत एंटेरोबॅक्टर वर्गांतला एक जंतु सांपडला. तो प्रयोगशाळेंतील डांसांना खाऊं घातला असतां त्यांच्या पोटांत हिंवतापाचा परोपजीवी जवळजवळ रुजेनासा झाला. शोध घेतां असें दिसलें कीं, हा जंतु प्राणवायूचीं अति तीव्र रूपें तयार करतो. जखम धुण्यासाठीं घरांत ठेवलेलें हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतें तें आपण पाहतों. त्याच कुळांतील हीं द्रव्यें. त्यांच्या माऱ्यापुढें तो नाजूक जीव टिकत नाहीं. हा शोध २०११ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें वाचक विचारतील, असा जंतु आधींच कां सांपडला नाहीं? त्याचें कारण शास्त्रज्ञांच्या सोयींत आहे. प्रयोगशाळेंतील डांस पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेला. स्वच्छ पाणी, मोजून दिलेलें खाणें, कापसाच्या बोळ्यावरचें साखरपाणी. त्याच्या पोटांतील वस्ती म्हणजे वसतिगृहांतल्या मुलांसारखी, एकाच साच्याची. दिल्ली येथील शास्त्रज्ञांनीं हरयाणांतील झज्जर भागांतले मोकळे अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी डांस व प्रयोगशाळेंतले त्याच जातीचे डांस यांची तुलना २००९ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां मोकळ्या डांसांच्या पोटांत जंतूंचें वैचित्र्य पुष्कळच अधिक आढळलें. रोग पसरवितो तो मोकळा डांस. म्हणून पाहावयाचें तें त्याचें पोट.

पण तें पाहणें सोपें नाहीं. डांस धरून प्रथम त्याचें बाह्यांग मद्यार्कानें धुवावें लागतें, नाहींतर पंखापायांवरचे जंतू पोटांतले म्हणून मोजले जावयाचे. मग सुईच्या टोंकांनीं शेपटाकडून हलकेंच ओढून आंतडें बाहेर काढावयाचें. तें निर्जंतुक पाण्यांत कुसकरून तें पाणी कांचेच्या बशींतील खळीवर पसरावयाचें, आणि कोणते ठिपके उगवतात तें पाहावयाचें. एवढें करूनहि पुष्कळ जंतू बशींत उगवतच नाहींत. त्यांना डांसाचें पोटच लागतें. अशांची ओळख त्यांच्या अंगांतील आनुवंशिक द्रव्य वाचून पटवितात.

या कामांत आपल्या पुण्याचाहि भाग आहे. गणेशखिंडींतील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं क्युलेक्स क्विन्किफॅसिएटस या डांसाच्या आंतड्यांतून काढलेल्या एका जंतूचें वर्णन २००२ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्यास एरोमोनस क्युलिसिकोला, म्हणजे डांसांत राहणारा, असें नांव दिलें. हा क्युलेक्स म्हणजे गटारांत व सांडपाण्यांत वाढणारा, रात्रीं कानाशीं गुणगुणणारा आपला नित्याचा सोबती. हत्तीपायाचे जंत हाच पसरवितो. २००४ सालीं त्याच संस्थेनें मोकळ्या क्युलेक्सच्या पोटाची पाहणी बशींत उगवणाऱ्या व न उगवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जंतूंसह प्रसिद्ध केली. पुढें २००५ सालीं असें ठरलें कीं, एरोमोनस क्युलिसिकोला हा नवा नसून १९८७ सालींच वर्णिलेल्या एरोमोनस व्हेरोनाय याचेंच तें दुसरें नांव आहे. नांव गेलें, परंतु तो जंतु डांसाच्या आंतड्यांत होता हें निरीक्षण तसेंच राहिलें. विज्ञानांत असें होतें, व त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणाची अशी समजूत होईल कीं, डांसाच्या पोटांतले सर्व जंतू आपले मित्र आहेत. तशी समजूत करून घेऊं नये. कॅमेरूनमध्यें ज्या झांबियाच्या जंतूचें कूळ, त्याच कुळांतील जंतू हिंवतापानें दूषित झालेल्या डांसांत उलट अधिक आढळले; ही पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. डेंग्यूचा प्रकारहि असाच. चीनमधील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं दाखविलें कीं, सेरेशिया मार्सेसेन्स हा जंतु एडीस डांसाच्या आंतड्यावरील बुळबुळीत आवरण पचवून टाकणारें द्रव्य सोडतो, व त्यामुळें डेंग्यूच्या विषाणूला आंत शिरण्यास वाट मोकळी होते. खिंड लढविणाऱ्यांत असा फितूरहि असतो! पुनः त्याच चीनच्या युनान प्रांतांत २०२४ सालीं दुसरा एक जंतु पुढें आला. रोझेनबर्जिएला या वर्गांतील हा जंतु मोकळ्या एडीस डांसांत सांपडला. रक्त प्याल्यानंतर तो डांसाच्या पोटांत आंबटपणा वाढवितो, आणि त्या आंबटपणांत डेंग्यूचा विषाणू निकामी होतो. ज्या जिल्ह्यांत डेंग्यू कमी, तेथील डांसांत हा जंतु अधिक आढळला. एक रहिवासी दार उघडतो, दुसरा तेंच दार लावून घेतो. आणि दोघेहि एकाच जातीच्या डांसाच्या पोटांत राहतात. म्हणून 'डांसाचे जंतू' असें मोघम बोलणें मला तरी पटत नाहीं. कोणता जंतु, कोणत्या डांसांत, कोणत्या रोगापुरता, हें तिन्ही सांगितल्यावांचून विधान पुरें होत नाहीं.

या सर्व खटाटोपाचें प्रयोजन काय, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें एकट्या २०२३ सालीं जगांत हिंवतापानें सुमारें ५ लक्ष ९७ हजार माणसें मेलीं; त्यांत आफ्रिकेंतील पांच वर्षांखालील मुलेंच फार. आपल्या देशाचाहि अनुभव विसरण्यासारखा नाहीं. डीडीटीच्या फवाऱ्यानें १९६५ सालच्या सुमारास भारतांतील हिंवतापाचे रोगी वर्षास एक लक्षाच्या आसपास आले होते. रोग संपला असें वाटूं लागलें. पण फवाऱ्याला न जुमानणारे डांस निपजले, कामांत ढिलाई आली, आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या चौसष्ट लक्षांवर गेली. ज्या विषानें डांस मारावयाचा तें विष त्याला पचूं लागलें, तर डांस जिवंत ठेवून त्याच्या पोटांतच रोग अडवितां येईल काय, हा प्रश्न म्हणूनच पुढें आला.

याचें एक उत्तर अगदीं अकल्पित रीतीनें मिळालें. स्पेनमधील त्रेस कांतोस या गांवीं ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधांच्या कंपनीची प्रयोगशाळा आहे. औषधांची परीक्षा करण्यासाठीं तेथें डांस पाळून त्यांना हिंवतापाची लागण करीत असत. एका वेळीं त्यांच्या कळपांतील डांसांना लागण होईनाशीच झाली. दुसरा कोणी असता तर 'कळप बिघडला' म्हणून तो फेंकून देता! तेथील मंडळींनीं तो जपून ठेवला व कारण शोधलें. डांसांच्या पोटांत डेल्फ्शिया सुरुहातेन्सिस नांवाचा जंतु राहावयास आला होता, व तो हार्मेन नांवाचें द्रव्य सोडून परोपजीवीची वाढ आरंभींच खुंटवीत होता. हा जंतु असतां पुटींची संख्या सुमारें तीन चतुर्थांशांनीं कमी होते असें आढळलें. पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो येथें जाळीच्या मोठ्या बंदिस्त घरांत, जवळजवळ नैसर्गिक परिस्थितींत, त्याची परीक्षा झाली, आणि हें सर्व २०२३ सालीं प्रसिद्ध करण्यांत आलें.

मग तो सगळीकडे सोडून कां देऊं नये? येथें मात्र सावधपणा पाहिजे. बंद घरांतील डांसाला कापसाचा बोळा दिला म्हणजे तो चोखतो. गांवभर उडणाऱ्या लाखों डांसांना तो बोळा कोण देणार? शिवाय हा जंतु आईकडून पोरांकडे आपोआप जात नाहीं. म्हणजे प्रत्येक पिढीला तो नव्यानें द्यावा लागेल. आणि मोकळ्या डांसाच्या पोटांत आधींच दुसरी वस्ती असते. नवा भाडेकरू तेथें टिकेल कीं जुने त्याला हांकलून देतील, हें त्या त्या ठिकाणीं पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. लोकांची संमति हाहि एक प्रश्न आहे. कोणाच्या अंगणांत डांसासाठीं कांहीं मांडून ठेवावयाचें तर त्या घरच्या मंडळींना तें समजावून सांगितलें पाहिजे, आणि त्यांना 'नको' म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे.

ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला त्याला आतां एक काम सांगतों. इतरांनींहि तें करावें, मात्र घरच्या वडील माणसांस सांगून. घराच्या आसपास साचलेल्या पाण्यांत अळ्या दिसल्या तर त्यांतील थोडें पाणी कांचेच्या पेल्यांत घ्यावें, आणि पेल्याच्या तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधावी. पेला उजेडाकडे धरून भिंगांतून अळीच्या तोंडाकडे पाहावें. कुंच्यांची तीं दोन झांपडीं एकसारखीं हालत असलेलीं दिसतील. तिच्या घशाखालीं जातात ते जंतू मात्र भिंगांतून दिसणार नाहींत. स्वल्पविरामासारखे वांकडे कोश दिसूं लागले म्हणजे दोन दिवसांचाच अवकाश उरतो. त्याच्या आंत पेल्यांतील आणि मूळ ठिकाणचेंहि सर्व पाणी उन्हानें तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतून द्यावें.